गारूड : विष उतरवणारे आणि मनावर चढणारे

‘त्या आवाजाचे गारूड अजून उतरलेले नाही’ या वाक्यातील ‘गारूड’चा गरुड पक्ष्याशी काही संबंध आहे का, आणि साप खेळवणाऱ्याला गारुडी का म्हणतात, असे एका वाचकाने विचारले आहे. संबंध आहे, आणि तो थेट आहे.

शिवापासून शैव, तसे गरुडापासून संस्कृतात ‘गारुड’, म्हणजे गरुडाचे किंवा गरुडासंबंधीचे. महाभारताच्या आदिपर्वात कद्रू कपटाने पैज जिंकून विनतेला दासी करते. विनतेचा पुत्र गरुड अमृत आणून आईला सोडवतो आणि कद्रूचे पुत्र असलेले सर्प आपले भक्ष्य व्हावेत असा वर इंद्राकडून मागून घेतो. सर्पांच्या या हाडवैऱ्याच्या नावावरूनच सापाचे विष उतरवण्याच्या मंत्राला आणि विद्येला ‘गारुड’ म्हणू लागले, व ती विद्या जाणणारा तो गारुडी. अमरकोशात पाचूला ‘गारुत्मत’ म्हटले आहे, तेही गरुडाच्या ‘गरुत्मत्’ या नावावरून; पाचू विषबाधा दूर ठेवतो अशी जुनी समजूत होती.

मराठीत या शब्दाने पुढे घेतलेले वळण मला अधिक मोलाचे वाटते. लहानपणी आठवडी बाजारात पाहिलेला गारुडी टोपलीचे झाकण उघडण्याआधी बराच वेळ रिकाम्या मुठीतून गोट्या काढून दाखवी, पोतडीतून एकेक वस्तू बाहेर येई, आणि खुंटीला बांधलेले मुंगूस सापावर कधी सुटते याची वाट पाहत आम्ही जागचे हलत नसू. साप खेळवणे, हातचलाखी आणि बघणाऱ्यांना खिळवून ठेवणे ही तिन्ही कामे एकाच माणसाची असल्यामुळे ‘गारूड’ हा शब्द विषविद्येकडून नजरबंदीकडे आणि तेथून मोहिनीकडे सहज सरकला. क्रियापद मात्र जुनेच राहिले. विष चढते आणि उतरते, तसेच गारूडही. पूर्वी जे विष उतरवत असे, तेच आता आपल्यावर चढते आणि विषासारखे उतरावे लागते.

लेखनाविषयीही एक शब्द. संस्कृत शब्द म्हणून ‘गारुड’मधला उकार ऱ्हस्व आहे, पण मोहिनी या अर्थाने तो मराठीत पूर्ण मुरलेला असल्यामुळे उपान्त्य उकार दीर्घ करून ‘गारूड’ लिहिणे मला योग्य वाटते. सामान्यरूपात तो पुन्हा ऱ्हस्व होतो : गारुडाचा, गारुडाने. ‘गारुडी’ तर नेहमीच ऱ्हस्व.