ऑस्कर असताना माहितीपटांसाठी ‘सिनेमा आय ऑनर्स’ हा वेगळा पुरस्कार कशाला, आणि तो एवढा वाढला कसा?

मी माहितीपटांचं संकलन करतो, म्हणजे एडिटिंग टेबलावर बसणारा माणूस. त्यामुळे माझं उत्तर थोडं एका बाजूला झुकलेलं असणार. तुम्ही प्रश्नाखाली असंही लिहिलंय की, ‘ऑस्करला माहितीपटाचा विभाग आहेच, मग न्यूयॉर्कमधला हा आणखी एक सोहळा म्हणजे नुसती पुरस्कारांची खोगीरभरती नाही का?’ पुरस्कारांची खोगीरभरती झालीच आहे, त्यात वाद नाही. पण हा पुरस्कार त्यात धरू नका.

आधी ऑस्करचं बघू. तिथे माहितीपटाला पहिलं बक्षीस मिळालं १९४२ साली, ते कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या ‘चर्चिल्स आयलंड’ला. विषय युद्धाचा. पुढच्या वर्षी एक सोडून चार माहितीपटांना बक्षिसं दिली गेली, तीही सगळी युद्धावरचीच. काळच तसा होता. पण तेव्हापासून एक सवय लागली ती लागलीच: माहितीपट कशावर आहे ते बघायचं. तो कसा केलाय, कॅमेरा कुठे ठेवलाय, कुठे कापलाय, हे नंतर, वेळ उरला तर. विषय जितका गंभीर तितका माहितीपट मोठा, असं एक समीकरण झालं.

याचा सगळ्यात मोठा फटका बसला तो १९९५ साली ‘हूप ड्रीम्स’ला. शिकागोतल्या दोन कृष्णवर्णीय मुलांची ही गोष्ट. बास्केटबॉलमध्ये नाव काढायचं त्यांचं स्वप्न. काही वर्षं त्यांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरून, अडीचशे तासांच्या आसपास चित्रण जमवून, त्यातून तीन तासांना दहा मिनिटं कमी असा चित्रपट उभा केलेला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. आणि माहितीपटाच्या विभागात त्याला साधं नामांकनही नाही! आरडाओरड झाली तेव्हा निवड समितीची पद्धत बाहेर आली. समितीचे सभासद अंधाऱ्या खोलीत टॉर्च घेऊन बसायचे. एखादा चित्रपट कंटाळवाणा वाटला की टॉर्च लावायचा. पुरेसे टॉर्च लागले की प्रोजेक्शन बंद, पुढचा चित्रपट लावा. ‘हूप ड्रीम्स’ पंधरा-वीस मिनिटांत बंद केला गेला, असं त्या वेळी छापून आलं होतं.

आता गंमत बघा. त्याच वर्षी त्याच ‘हूप ड्रीम्स’ला ऑस्करचं सर्वोत्कृष्ट संकलनाचं नामांकन होतं! म्हणजे कथापट कापणाऱ्या संकलकांना त्यातलं काम दिसलं आणि माहितीपटाच्या समितीला दिसलं नाही. माझ्या मते सिनेमा आयची गरज तिथेच सिद्ध झाली होती, फक्त तो सुरू व्हायला अजून बारा-तेरा वर्षं जायची होती.

मधल्या काळात ऑस्करवाले सुधारलेच नाहीत असं नाही. २००१ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीत माहितीपटवाल्यांची स्वतंत्र शाखा झाली. मायकेल मूर वगैरेंचे माहितीपट थिएटरात चालायला लागले, पैसा दिसायला लागला. शिवाय इंटरनॅशनल डॉक्युमेंटरी असोसिएशन ही संस्था १९८२ पासून लॉस एंजेलिसमध्ये होतीच आणि तिचे पुरस्कारही सिनेमा आयच्या आधीपासून दिले जात होते. पण छायाचित्रण, संकलन, संगीत, ग्राफिक्स या एकेका कामाला माहितीपटातलं काम म्हणून वेगळं उचलून धरणारा, कथापटांच्या तोडीचा सोहळा नव्हता.

२००७ च्या अखेरीस ऑस्करची पंधरा माहितीपटांची प्राथमिक यादी आली आणि बरेच जण चिडले. चिडणारे दरवर्षीच असतात. या वेळी त्यातल्या दोघांनी काहीतरी केलं. एक ए. जे. श्नॅक, स्वतः दिग्दर्शक. दुसरे थॉम पॉवर्स, टोरांटो महोत्सवात माहितीपटांची निवड करणारे. मार्च २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या आयएफसी सेंटर या थिएटरात पहिला सोहळा झाला. मोठं बक्षीस गेलं जेसन कोहन यांच्या ‘मांडा बाला’ला. ब्राझीलमधला भ्रष्टाचार आणि अपहरणं हा विषय, पण सांगण्याची तऱ्हा अशी की एकीकडे बेडकांची शेती, दुसरीकडे अपहरणकर्त्यांनी कापलेले कान पुन्हा बसवणारा प्लास्टिक सर्जन. रंग, चौकटी, संगीत, सगळं एखाद्या थरारपटासारखं. ऑस्करच्या त्या पंधरांत तो नव्हता. पहिल्याच वर्षी याला निवडून त्यांनी आपला कल सांगून टाकला.

मग तो वाढला कसा? माझ्या मते खरी मेख नामांकनाच्या पद्धतीत आहे. मोठ्या महोत्सवांत वर्षभर शेकडो माहितीपट बघून निवडणारे प्रोग्रामर मुख्य नामांकनं ठरवतात, आणि मग माहितीपटाच्या धंद्यातले लोक मतं देतात. प्रोग्रामर माणसाला विषयाची भुरळ सहजासहजी पडत नाही, कारण त्याच विषयावरचे सहा माहितीपट त्याने त्याच महिन्यात बघितलेले असतात. सातवा वेगळा वाटला तर तो कामामुळेच. म्हणून या याद्यांना लवकर वजन आलं.

दुसरं कारण अगदीच व्यवहारी: तारीख. पहिले दोन सोहळे मार्चमध्ये, म्हणजे ऑस्कर होऊन गेल्यावर झाले. तेव्हा कोणाला पडलेली असते? २०१० पासून तो जानेवारीत आणला. ऑस्करची नामांकनं ठरण्याचा हाच हंगाम. एका फटक्यात पत्रकार, वितरक, प्रसिद्धीवाले सगळे लक्ष देऊ लागले.

बाकी वाढ मग ओघाने आली. पुढे बरीच वर्षं सोहळा क्वीन्समधल्या म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेजमध्ये व्हायचा. पदार्पणाचा पुरस्कार, प्रेक्षकांची पसंती, लघुमाहितीपट, टीव्हीवरचे माहितीपट, जुन्या अभिजात कामांसाठी लेगसी पुरस्कार असे विभाग जोडले गेले. एक ‘हेटरोडॉक्स’ नावाचा पुरस्कारही होता, वास्तव आणि कथा यांची सरहद्द पुसणाऱ्या चित्रपटांसाठी. तो एकदा रिचर्ड लिंकलेटर यांच्या ‘बॉयहूड’ला मिळाला, म्हणजे चक्क कथापटाला. तोच मुलगा बारा वर्षं पडद्यावर वाढताना दाखवलाय म्हटल्यावर माहितीपटवाल्यांना तो आपला वाटणारच.

तुम्हाला एकच उदाहरण जवळून बघायचं असेल तर २०१७ चं बघा. त्या वर्षी ऑस्कर मिळालं ‘ओ. जे.: मेड इन अमेरिका’ला, पावणेआठ तासांचं अजस्र आणि खरोखर जबरदस्त काम. (ते बघून अकादमीने पुढे अनेक भागांच्या मालिकांना दरवाजा बंद केला, तो वेगळा विषय.) सिनेमा आयचं मुख्य बक्षीस मात्र गेलं कर्स्टन जॉन्सन यांच्या ‘कॅमेरापर्सन’ला, ज्याला ऑस्करचं नामांकनही नव्हतं. जॉन्सन यांनी इतरांच्या माहितीपटांसाठी वर्षानुवर्षं कॅमेरा चालवला. त्यांतल्याच तुकड्यांतून हा चित्रपट जोडलाय. सुरुवातीलाच एक दृश्य आहे: मोकळं माळरान, भरून आलेलं आभाळ, वीज चमकते. आणि तेवढ्यात कॅमेऱ्यामागची बाई शिंकते, चौकट थरथरते. कुठलाही शहाणा संकलक ती शिंक कापून टाकेल. मीही टाकली असती. इथे ती ठेवलीय, आणि त्या एका शिंकेने पुढचा सगळा चित्रपट कसा बघायचा ते कळतं: या प्रत्येक चौकटीमागे एक जिवंत माणूस उभं आहे. आता याचा ‘विषय’ काय सांगणार? टॉर्चवाल्या समितीपुढे हा किती मिनिटं टिकला असता?

याच सुमारास पैसाही आला. नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या माहितीपट विकत घेऊ लागल्या आणि ऑस्करसाठी प्रचारावर सढळ हाताने खर्च करू लागल्या. २०१८ मध्ये ‘इकरस’ला ऑस्कर मिळालं, तो नेटफ्लिक्सचा पहिला पूर्ण लांबीचा ऑस्करविजेता माहितीपट. समीक्षकांच्या संघटनेनेही २०१६ पासून ब्रुकलिनमध्ये माहितीपटांचे स्वतंत्र पुरस्कार सुरू केले होते.

या वाढीतली मला न आवडणारी गोष्ट म्हणजे सिनेमा आयकडे लोक आता ऑस्करचा अंदाज म्हणून बघतात. निकाल लागला की पहिली बातमी ‘ऑस्करच्या शर्यतीत कोण पुढे’ अशी. ज्या यादीशी भांडून हा पुरस्कार जन्मला, तिच्याच भाकितासाठी तो वापरला जातोय. अर्थात जानेवारीत तारीख आणली तेव्हाच हे ओढवून घेतलं होतं, म्हणून फार तक्रार करण्यात अर्थ नाही. आणि पुरस्कारांनी माहितीपटांचं पोट भरतं असंही नाही. २०२५ मध्ये ऑस्कर जिंकलेल्या ‘नो अदर लँड’ला बक्षीस मिळालं तेव्हा अमेरिकेत वितरकच नव्हता.

तरीही तुम्हाला चांगले माहितीपट शोधायचे असतील तर माझी पद्धत सांगतो. सिनेमा आयच्या मुख्य विजेत्यापासून सुरुवात करू नका. कुठल्याही वर्षाची छायाचित्रण आणि संकलन या दोन विभागांची नामांकनं काढा आणि त्यातलं जे नाव कधीच ऐकलेलं नाही ते आधी बघा.