प्लेअरच्या स्वभावाप्रमाणे गेम बदलता येतो का?

कॉलेज प्रोजेक्टसाठी विचारलंय तुम्ही, की प्लेअरचा स्वभाव ओळखून गेमने आपोआप बदलावं का. बदलावं नक्की, पण ओळखून बदलण्यापेक्षा सरळ विचारून बदलावं असं मला वाटतं.

आमच्याकडे भाचा आणि भाची दोघंही माइनक्राफ्ट खेळतात, ठोकळ्यांनी हवं ते बांधायचा गेम. भाचा रात्र पडायची वाटच बघत असतो, झॉम्बी येतात म्हणून. भाचीचं घर मात्र पहिल्याच दिवशी क्रीपरने, म्हणजे जवळ येऊन फुटणाऱ्या राक्षसाने, उडवलं, ती इतकी रडली की गेम बंदच केला. मग मी तिला पीसफुल मोड लावून दिला, त्यात राक्षस अंगावर येत नाहीत, भूकही लागत नाही, आणि आता ती तासन् तास वाडे बांधत बसते, वर अंगणात विहीर कुठे हवी यावर माझ्याशी भांडते. तिला गेम जमत नव्हता असं नाही हो, तिला मारामारीच नको होती. नुसतं ईझी-हार्ड देऊन हे सुटत नाही.

रिचर्ड बार्टल या गेम डिझायनरने १९९६ मध्ये ऑनलाइन टेक्स्ट गेमच्या खेळाडूंचे चार प्रकार मांडले होते: टप्पे गाठणारे, जग धुंडाळणारे, गप्पा-ओळखींसाठी येणारे आणि दुसऱ्यांना छळण्यात मजा घेणारे. विचार करायला छान आहे, पण माणूस एकाच खणात बसत नाही, मी स्वतः ऑफिसातून दमून आल्यावर वेगळा खेळतो आणि रविवारी वेगळा.

ओळखण्याचे प्रयत्नही झालेत. २००९ चा सायलेंट हिल शॅटर्ड मेमरीज हा भीतीचा गेम मानसोपचारतज्ज्ञाचे प्रश्न विचारतो, तुम्ही कशाकडे बघत राहता तेही टिपतो आणि त्यावरून पात्रं, जागा बदलतो. भीतीच्या गेममध्ये ते शोभतं, पण रोजच्या गेममध्ये अंदाज चुकला तर प्लेअरला कळतसुद्धा नाही की गेम आपल्याला का आवडत नाहीये.

म्हणून मला सेलेस्टची पद्धत पटते. डोंगर चढायचा २०१८ चा भयंकर अवघड गेम, पण असिस्ट मोडमध्ये वेग कमी करा, दम संपूच देऊ नका, हवं तर मरणंच बंद करा, सगळं तुमच्या हातात. हेडीस या मारामारीच्या गेममध्ये गॉड मोड लावला तर आधी तुम्हाला होणारं डॅमेज २० टक्के कमी होतं आणि प्रत्येक मरणानंतर आणखी २ टक्के, ८० पर्यंत, म्हणजे ज्याला फक्त गोष्ट पुढे न्यायचीय तो अडकून पडत नाही.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये मारामारी, टायमर आणि कोडी यांना वेगवेगळे स्विच द्या आणि ते खेळता खेळता मधेच बदलता येऊ द्या, नवीन गेम सुरू करायला लावू नका.