7,39,39,133 या संख्येत एवढं खास काय आहे?

ही संख्या उजवीकडून एकेक अंक पुसत गेलात, तरी दरवेळी उरते ती मूळ संख्याच, म्हणजे 1 आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी. आपल्या दशमान पद्धतीत असं करता येणारी ही सर्वांत मोठी संख्या. हिच्याहून मोठी पुढेही कधी सापडणार नाही, हे पक्कं आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. ही संख्या फळ्यावर लिहितो आणि एखाद्या पोट्ट्याच्या हाती डस्टर देतो: 7393913, 739391, 73939, 7393, 739, 73, 7. सगळ्या मूळ. 739 पर्यंत मुलं स्वतः तपासतात. 28 चा वर्ग 784, म्हणजे 23 पर्यंतच्याच मूळ संख्यांनी भागून पाहायचं. 2, 3, 5 चा भाग जात नाही हे बघताच कळतं. 7 नं भागलं की बाकी 4, 11 नं 2, 13 नं 11, 17 नं 8, 19 नं 17, 23 नं 3. झालं. अख्ख्या संख्येसाठी मात्र 8,598 पर्यंतच्या हजारावर मूळ संख्या तपासाव्या लागतात, ते काम संगणकानं करावं.

मला खरी गोडी वाटते ती हिच्या अंकांची. पहिला 7 सोडला तर पुढे नुसते 3 आणि 9, आणि एकच 1. असं का? पुसता पुसता प्रत्येक अंक कधीतरी शेवटी येणारच. तिथे सम अंक किंवा 5 आला की संख्या बाद. म्हणून पहिल्यानंतर 1, 3, 7, 9 एवढेच चालतात. आता 3 ची कसोटी लावा. 3 किंवा 9 जोडला तर अंकांच्या बेरजेला 3 नं भागून येणारी बाकी तीच राहते. 1 किंवा 7 जोडला की ती एकानं वाढते. सुरुवातीच्या 7 ची बाकी 1, मधल्या 1 मुळे ती झाली 2. आणखी एक 1 किंवा 7 आला की खेळ खलास. एवढं सांगून मी फळ्यावर 739391331 लिहिलं, तर मागून एक पोरगी लगेच म्हणाली, "सर, याले तं तीनचा भाग जाते!" 38 आणि 1, 39. भागाकार न करता तिनं ओळखलं.

शेवटी 3 किंवा 9 जोडला तरी संयुक्त संख्याच मिळते. शेवटचा अंक पुसत गेलं तरी मूळच राहणाऱ्या संख्या एकूण 83, त्यांत आठ अंकी पाच: 23399339, 29399999, 37337999, 59393339 आणि ही. नऊ अंकी एकही नाही. मग दहा अंकी कुठून येणार? तिचा शेवटचा अंक पुसला तर नऊ अंकी उरायला हवी ना!

घरात सहावी-सातवीतलं कुणी असेल तर 5 पासून सुरू करायला सांगा. 5 ची बाकी आधीच 2, त्यामुळे 1 आणि 7 एकदाही चालत नाहीत. फांद्या फुटतात दोनच, 53 आणि 59. पैकी 53 ची लगेच वाळते, कारण 533 ला 13 नं आणि 539 ला 7 नं भाग जातो. 59 ची मात्र थेट 59393339 पर्यंत जाते.