कॅप्टन: शब्द एक, हुद्दे दोन

प्रश्न असा आहे: ‘नौदलातून निवृत्त झालेल्या काकांच्या दारावरच्या पाटीवर कॅप्टन लिहिलंय आणि लष्करातला आमचा पंचविशीतला शेजारीही कॅप्टनच. मग काकांना बढती मिळालीच नाही का?’

काकांच्या कानावर हे गेलं नसेल तर बरं! लष्करातला कॅप्टन म्हणजे लेफ्टनंटच्या लगेच वरचा हुद्दा. दोनेक वर्षांच्या सेवेनंतर मिळतो, खांद्यावर तीन तारे. नौदलातला कॅप्टन मात्र थेट कर्नलच्या तोडीचा, चार सोनेरी पट्ट्यांचा. तिथे पोचायला दीडेक दशक नोकरी करून निवड मंडळाच्या चाळणीतून जावं लागतं. १९९९ साली कारगिलमध्ये धारातीर्थी पडलेले कॅप्टन विक्रम बात्रा चोवीस वर्षांचे होते. १९७१च्या युद्धात ‘खुकरी’ युद्धनौकेबरोबर जलसमाधी घेणारे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला पंचेचाळीस वर्षांचे.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘कापुत’, म्हणजे डोकं. आता डोकं कशाचं? जमिनीवर ते शंभर-सव्वाशे शिपायांच्या कंपनीचं ठरलं आणि त्यावर मेजर, कर्नल अशी उतरंड चढत गेली. (हल्ली कंपनी बहुधा मेजरच सांभाळतो.) भर समुद्रात मात्र जहाजाचा धनी एकच, त्याच्या वर कोण असणार? म्हणून तिथे शब्दाचा मान टिकला.

हवाई दलाने ब्रिटिशांचीच नावं उचलली. तिथे कर्नलच्या बरोबरीचा तो ‘ग्रुप कॅप्टन’. आणि नौदलातला नुसता ‘लेफ्टनंट’ हा लष्करी कॅप्टनच्या बरोबरीचा. म्हणजे गोंधळ दोन्हीकडून!

आपल्याला यात नवल वाटू नये. मल्हारराव होळकर सुभेदार म्हणवले जायचे, ते माळव्यासारखा मुलूख राखून. आजचा सुभेदार लष्करात लेफ्टनंटच्याही खाली असतो. तिथे काळाने अर्थ बदलला, इथे दलाने. उलट ‘कर्णधार’ मुळात नावेचं सुकाणू धरणारा. तो पाणी सोडून क्रिकेटच्या मैदानात उतरला.

लिहिताना ‘नौदलाचे कॅप्टन’ असं दल सांगूनच लिहावं. नौदलवाले स्वतःही याच घोळापायी नावापुढे ‘आयएन’ (इंडियन नेव्ही) जोडतात. काकांची पाटी पुन्हा एकदा नीट बघा, बहुधा कोपऱ्यात असेल.