एकाच भूमिकेसाठी दोन गटांत ऑस्कर नामांकन मिळालेले आयरिश अभिनेते बॅरी फिट्झगेराल्ड यांची कारकीर्द कशी घडली?

आपल्या या प्रश्नात खरे तर दोन गोष्टी आहेत. एकाच भूमिकेसाठी मुख्य आणि सहायक अशा दोन्ही गटांत ऑस्करचे नामांकन मिळणे शक्य तरी कसे झाले, ही पहिली. आणि बॅरी फिट्झगेराल्ड हे हॉलिवूडने घडवलेले ‘ठरावीक आयरिश म्हातारे’ एवढेच होते का, ही दुसरी. दुसरीचे उत्तर आधी पाहिले की पहिलीचे बरेचसे आपोआप मिळते, म्हणून मी तोच क्रम घेतो.

हॉलिवूडने त्यांना घडवले असे म्हणणे मला मुळीच पटत नाही. १० मार्च १८८८ रोजी डब्लिनमध्ये जन्मलेल्या या माणसाचे खरे नाव विल्यम जोसेफ शील्ड्स. तरुणपणी ते सरकारी नोकरीत लागले आणि वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत तेथेच राहिले. दिवसा कचेरी आणि संध्याकाळी डब्लिनचे अ‍ॅबी थिएटर हे नाट्यगृह हा त्यांचा बारा-चौदा वर्षांचा दिनक्रम होता. (बँकेतून सुटून थेट तालमीच्या हॉलवर पोहोचणाऱ्या आपल्याकडील हौशी रंगकर्मींना यात काहीच नवल वाटणार नाही.) वरिष्ठांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्यांनी रंगभूमीसाठी ‘बॅरी फिट्झगेराल्ड’ हे नाव घेतले. सुरुवातीच्या एका नाटकात त्यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली होती आणि तीही बोलताना जीभ अडखळून दोन शब्दांची आद्याक्षरे एकमेकांत अदलाबदल झाली, असा किस्सा सांगितला जातो. विनोदी नट म्हणून पुढे नाव काढणाऱ्याची ही सुरुवात काही वाईट म्हणता येणार नाही.

अ‍ॅबी हे एकट्यादुकट्या नटाला मिरवणारे नाट्यगृह नव्हते. तेथे नटांचा संच महत्त्वाचा होता. शॉन ओकेसी यांच्या १९२४ मधील ‘जूनो अँड द पेकॉक’ या नाटकात फिट्झगेराल्ड यांनी कॅप्टन बॉइल रंगवला. हा बॉइल कामाचे नाव काढताच ज्याचे पाय दुखू लागतात असा बढाईखोर आळशी गृहस्थ, आणि त्याच्या प्रत्येक बढाईला माना डोलावणारा, त्याच्याच पैशाने पिणारा मित्र जॉक्सर. जॉक्सरची भूमिका एफ. जे. मॅकॉर्मिक करीत असत. अशा जोडीत समोरच्याचे वाक्य कोठे झेलायचे, कोठे सोडून द्यायचे आणि त्याचे बोलणे चालू असताना आपण नुसते बसून काय करायचे, याचे जे शिक्षण मिळते ते कॅमेऱ्यासमोर एकट्याने उभे राहून मिळत नाही. ‘कुणाचे तरी ऐकत असलेला माणूस’ हे त्यांचे पडद्यावरचे सर्वांत मोठे बलस्थान ठरले आणि त्याचे मूळ मला येथेच दिसते.

१९२६ मध्ये ओकेसी यांचेच ‘द प्लाउ अँड द स्टार्स’ आले आणि १९१६ च्या इस्टरमधील, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या आयरिश उठावाच्या हुतात्म्यांचा त्यात अवमान झाला असे वाटून प्रेक्षकांनी दंगा केला. काही जण थेट रंगमंचावर चढले. १९२९ मध्ये ओकेसी यांचे ‘द सिल्व्हर टॅसी’ लंडनमध्ये होणार होते. हे नाटक अ‍ॅबीने नाकारले होते. त्यातील भूमिकेसाठी फिट्झगेराल्ड यांनी अखेर नोकरी सोडली. चाळिशी ओलांडल्यावर, पक्की सरकारी नोकरी सोडून, आपल्याच नाट्यगृहाने परत पाठवलेल्या नाटकासाठी लंडन गाठणे, यातला धोका सरकारी नोकरी जवळून पाहिलेल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

चित्रपटांची सुरुवात मात्र काहीशी उपरोधिक होती. आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९३० मध्ये ‘जूनो’ पडद्यावर आणले तेव्हा बॉइलची भूमिका दुसऱ्याला दिली गेली आणि ज्यांनी ती रंगभूमीवर अजरामर केली त्या फिट्झगेराल्ड यांच्या वाट्याला सुरुवातीच्या एका वक्त्याचे छोटे काम आले. पुढे जॉन फोर्ड यांनी १९३६ मध्ये ‘प्लाउ’वर चित्रपट काढला आणि त्यासाठी अ‍ॅबीचे नट अमेरिकेला बोलावले; त्यांतले फिट्झगेराल्ड तेथेच राहिले. नंतरची काही वर्षे भराभर सांगता येतील: ‘ब्रिंगिंग अप बेबी’मधला, बिबट्या समोर आल्यावर गोंधळलेला दारुडा माळी, ‘द लाँग व्हॉयेज होम’मधला जहाजावरचा कॉकी, ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’मधला वेल्श सिफार्था. कामे लहान होती आणि कोणताही शहाणा नट त्यांवर पोट भरू शकला असता.

१९४४ च्या ‘गोइंग माय वे’ने सगळे बदलले. न्यूयॉर्कमधल्या एका कर्जबाजारी चर्चचे वृद्ध धर्मगुरू फादर फिट्झगिबन यांच्या हाताखाली बिंग क्रॉस्बी यांनी साकारलेला तरुण फादर ओमॅली येतो. वस्तुतः बिशपने कारभार ओमॅलीकडेच सोपवलेला असतो, फक्त म्हाताऱ्याला ते ठाऊक नसते. या गाण्याबजावण्याच्या पोराची बदली करा, असे सांगायला फिट्झगिबन तावातावाने बिशपकडे जातो आणि खरी गोष्ट समजून परत येतो. हा परत आल्यानंतरचा प्रसंग आपण नीट पाहावा. आरडाओरडा नाही, डोळ्यांत पाणी नाही. आतापर्यंत चिरचिर करणारा तो आवाज एकाएकी नम्र होतो आणि आपल्याच घरात पाहुणा असल्यासारखा तो वावरू लागतो. पुढे तो घर सोडून निघून जातो, पोलीस त्याला भर पावसातून परत आणतो, ओमॅली त्याला अंथरुणात घालतो, आणि मग पुस्तकांच्या कपाटात दडवलेली आयर्लंडहून आईने पाठवलेली व्हिस्की बाहेर निघते. तेव्हा म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जी चोरटी, लहान मुलासारखी खुशी उमटते तिच्यासाठी संवाद लिहावाच लागला नाही. हे काम करताना फिट्झगेराल्ड यांचे वय छप्पन्नच्या आसपास होते. पडद्यावर मात्र ते सहज पंचाहत्तरीचे वाटतात.

आता आपला पहिला प्रश्न. एका भूमिकेला एकाच गटात नामांकन मिळावे असे आजच्यासारखे बंधन त्या काळी नव्हते, त्यामुळे फिट्झगिबनला दोन्ही गटांत नामांकनापुरती मते पडली. पुरस्कार त्यांना सहायक अभिनेत्याचा मिळाला आणि मुख्य अभिनेत्याचा क्रॉस्बी यांना. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या चित्रपट समीक्षकांनी मात्र सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून फिट्झगेराल्ड यांचीच निवड केली. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने यानंतर नियम बदलला, त्यामुळे असे पुन्हा घडले नाही. ही घटना बहुधा नियमातली गंमत म्हणून सांगितली जाते. मला त्या मतदारांचा गोंधळ अगदी प्रामाणिक वाटतो. कथा क्रॉस्बीची आहे, पण जे काही गमावले जाते आणि परत मिळते ते सगळे फिट्झगिबनचे. संचात वाढलेला नट मुख्य की दुय्यम, हा प्रश्न अ‍ॅबीत कुणी विचारलाच नसता.

जाता जाता: युद्धामुळे त्या वर्षीच्या बाहुल्या धातूऐवजी प्लास्टरच्या होत्या आणि गोल्फचे वेड असलेल्या फिट्झगेराल्ड यांनी घरात फटक्याचा सराव करताना आपल्या ऑस्करचे मुंडके उडवले. त्यांना नवी बाहुली देण्यात आली.

ठरावीकपणाचा आक्षेप अर्थात पूर्ण खोटा नाही. ऑस्करनंतर क्रॉस्बींबरोबरच त्यांना पुन्हा पुन्हा जुंपले गेले आणि १९४९ चा ‘टॉप ओ’ द मॉर्निंग’ पाहताना ओकेसींच्या डब्लिनमधला माणूस शुभेच्छापत्रावर छापलेला दिसतो. पण मध्येच १९४५ चा ‘अँड देन देअर वर नन’ आहे (आपल्याकडच्या ‘गुमनाम’चे मूळ याच कथेत आहे), त्यातले न्यायाधीश ते करतात, याहून अधिक सांगितले तर न पाहिलेल्यांचा रसभंग होईल. १९४८ च्या ‘द नेकेड सिटी’त ते चक्क मुख्य भूमिकेत, न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवर खून शोधणारे लेफ्टनंट मल्डून आहेत आणि तेथेही त्यांचे हत्यार एकच, ते म्हणजे समोरच्याला बोलू देणे.

राहता राहिला ‘द क्वाएट मॅन’ (१९५२). फोर्ड यांनी त्याचे बाह्य चित्रण मेयो परगण्यातल्या काँग गावी केले. फिट्झगेराल्ड यात लग्ने जुळवणारा आणि पैजा लावणारा गाडीवान मायकेलीन फ्लिन आहेत. त्याचा घोडा दारूच्या गुत्त्यासमोर आपण होऊन थांबतो, तेव्हा तुला माझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे, असे तो घोड्यालाच म्हणतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मोडलेला पलंग पाहून त्याचा जो भलताच गैरसमज होतो, त्यात नजर पलंगावर खिळवून दोनच शब्द उच्चारतानाची त्यांची भक्तिभावाची मुद्रा पाहिली की मला आजही हसू आवरत नाही. याच चित्रपटात त्यांचे धाकटे भाऊ आर्थर शील्ड्स प्रॉटेस्टंट पाद्री झाले आहेत. शील्ड्स कुटुंब मुळात प्रॉटेस्टंट. आर्थर १९१६ च्या उठावात लढून वेल्समधल्या छावणीत कैद भोगून आलेले, आणि थोरले बंधू जगाला ठाऊक झाले ते कॅथलिक धर्मगुरू म्हणून.

१९५९ मध्ये फिट्झगेराल्ड डब्लिनला परतले आणि जानेवारी १९६१ मध्ये तेथेच वारले. आपल्याला एकच चित्रपट पाहायचा असेल तर ‘गोइंग माय वे’ निवडावा, आणि क्रॉस्बी गात असतील तेव्हा नजर शेजारच्या म्हाताऱ्यावर ठेवावी.