टेन्शनचंच टेन्शन

"मॅडम, टेन्शननं माणूस मरते म्हन्तात. मले अटॅक येईन काय?" हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्या, पस्तिशीतल्या भाऊंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कापसाच्या सीझनमध्ये हीच धास्ती घेऊन बरेच जण माझ्याकडे येतात.

ईसीजी नॉर्मल होता, बीपीही ठीक. तरी भाऊ मध्यरात्री उठून मनगटावर बोटं ठेवायचे, नाडी मोजायचे. मोजता मोजता धडधड वाढायची आणि ती वाढली म्हणून आणखी घाबरायचे. ठेकेदाराकडून घेतलेली उचल, रात्रपाळ्या, पोरीच्या अकरावीचा खर्च हे ताण खरेच होते. त्यात मोबाइलवर रोज 'ताण जीव घेतो' असे व्हिडिओ. घरचे म्हणत, "टेन्शन घेऊ नका." हा सल्ला मला मुळीच पटत नाही. डोक्यावर उचल असताना टेन्शन येणारच, आणि ते आलं की माणूस स्वतःलाच कमजोर समजू लागतो.

मी विचारलं, कामावर कधी जीव घाबरा झाला होता का? म्हणाले, मागच्या सीझनला कापसाबरोबर खडा आत गेला, ठिणगी उडाली, रुई पेटली. पेटती रुई त्यांनी हातांनी ओढून बाजूला केली, म्हणून बाकीचा माल वाचला.

"तेव्हा छाती धडधडली नाही?"

"धडधडली ना! पन तवा आग होती, छातीकडं कोन पाह्यते?"

मी सांगितलं, रात्री होते ती हीच धडधड. संकट जाणवलं की शरीर अॅड्रेनलिन सोडतं, हृदय जोरात चालतं, हातापायांना जास्त रक्त मिळतं. हा आजार नाही, तयारी आहे.

अमेरिकेत १९९८ च्या आरोग्य पाहणीतल्या २८ हजारांहून जास्त लोकांची माहिती पुढच्या काही वर्षांच्या मृत्यूनोंदींशी ताडून पाहिली गेली. २०१२ मध्ये निष्कर्ष आले: ज्यांना ताणही खूप होता आणि तो तब्येतीला फार बाधतोय असंही वाटत होतं, त्यांच्यात अकाली मृत्यूचा धोका ४३ टक्के जास्त आढळला. समजुतीनंच जीव गेला असं यातून सिद्ध होत नाही. आधीच आजारी असणाऱ्यालाही तसं वाटू शकतं. पण ताणाकडे आपण कसं पाहतो हे किरकोळ नाही, एवढं मी ठामपणे म्हणेन.

मग कामाची गोष्ट निघाली. जागं राहायला भाऊ रात्रपाळीत खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या) पुड्यांवर पुड्या संपवत होते. तंबाखूतल्या निकोटिननं नाडी वाढतेच! खर्रा हळूहळू कमी करायचं ठरलं. धडधड झाली की नाडी न मोजता 'आत्ता कशाची काळजी आहे?' हे वहीत लिहायचं. वहीत रोज उचलच येऊ लागली, तेव्हा त्यांनी ठेकेदारासमोर बसून हिशेब मांडला आणि दर आठवड्याची कपात कमी करून घेतली. आता झोप लागते. उचल मात्र अजून फिटायची आहे.

मालक, मुकादमांनाही सांगते: कामगाराची समजूत बदलली म्हणून त्याच्यावर आणखी एक पाळी लादता येत नाही. सलग पाळ्यांचा थकवा विचारानं जात नाही, त्यासाठी झोपच हवी.

आणि छातीत दाबल्यासारखं दुखून कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम फुटत असेल, तर टेन्शन समजून घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. दोन आठवडे झोप, भूक उडाली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.