वणव्यानंतर जंगल नव्यानं उगवतं म्हणतात, मग सह्याद्रीतले वणवे विझवायचे कशाला?

तुम्ही विचारलंय की अमेरिका-ऑस्ट्रेलियात वणवा हा जंगलाच्या जगण्याचाच भाग मानतात, मग आपल्याकडे डोंगर पेटला की एवढी हळहळ का. शिवाय गावातली जुनी माणसं सांगतात, जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं, ते खरं का? मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि सातारा-जावळीकडच्या डोंगरांवर गवतं, झाडोरा बघत फिरतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिकडचं तुम्ही वाचलंय ते खरं आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९८८ च्या उन्हाळ्यात उद्यानाच्या एक तृतीयांशाहून जास्त भागात आग फिरली. तिथल्या लॉजपोल पाइनचे बरेचसे शंकू राळेनं चिकटून वर्षानुवर्षं झाडावर मिटलेले राहतात. आगीच्या झळीनं राळ वितळते, शंकू उघडतात आणि मोकळ्या, उजेडाच्या जमिनीवर बी पडतं. ऑस्ट्रेलियात अनेक निलगिरींच्या जाड सालीखाली डोळे दडलेले असतात, त्यामुळे कोळसा झालेल्या खोडावर थोड्याच दिवसांत पालवी फुटते. काही बियांना तर धूरच जागं करतो. धुरातलं हे काम करणारं रसायन पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००४ मध्ये शोधून काढलं.

पण त्याच ऑस्ट्रेलियात माउंटन ॲश नावाची निलगिरी आहे, ८० मीटरच्या वर जाणारी. ती मोठ्या आगीत मरते आणि पुन्हा येते ती फक्त बियांतून. रोप भरपूर बी धरू लागायला पंधरा-वीस वर्षं लागतात. त्याआधी दुसरी आग आली, तर पडायला बीच नसतं आणि तिथे बाभळीच्या गोतातली झाडं जागा धरतात. एकाच झाडाला शंभर वर्षांनी आलेली आग नवं रान देते, दहा वर्षांनी आलेली आग रान संपवते. त्यामुळे कुठल्याही वणव्याबद्दल मी आधी तीन गोष्टी विचारतो: मागची आग कधी लागली होती, यंदाची कोणत्या महिन्यात लागली, आणि ताप किती होता.

आता आपल्याकडे या. विदर्भ-खानदेशातल्या पानझडी रानाला आग नवी नाही. साग, पळस, तेंदू मुळांतून पुन्हा फुटतात. जमिनीखाली चार बोटांवर फारसा ताप पोचत नाही, तेवढ्यात त्यांचं भागतं. पण या रानात खाली वाकून बघा. सागाची जी हातभर रोपं यंदाची वाटतात, त्यातली कित्येक बरीच जुनी असतात. मूळ मनगटाएवढं झालेलं, आणि वरचा कोंब दर उन्हाळ्यात करपून पावसाळ्यात नव्यानं फुटलेला. ओळीनं काही वर्षं आग चुकली तरच तो कोंब उंच होतो, साल जाड होते आणि पुढची धग सोसते. दरवर्षी जळणारं रान लांबून हिरवं दिसतं, पण त्यात मोठी झाडं आहेत आणि त्यांच्या जागी उद्या उभी राहणारी मधली पिढीच नाही. मला याची सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण हे नुकसान फोटोत दिसत नाही.

घाटमाथ्याच्या सदाहरित रानाची तऱ्हाच वेगळी. तिथली बरीचशी झाडं पातळ सालीची. अनेकांचं बी जांभळासारखं, वाळलं की मरणारं, त्यामुळे जमिनीत वर्षानुवर्षं साठून राहत नाही. आतली ओल आग अडवते खरी, पण कडेची झाडं करपतात, ऊन आत येतं, गवत आणि रानमोडी नावाचं झुडपी तण शिरतं. पुढच्या उन्हाळ्यात तीच रानमोडी वाळून इंधन होते आणि आग आणखी चार पावलं आत जाते. रानमोडी मात्र बुंध्यातून पुन्हा फुटते.

गवताबद्दल जुनी माणसं अर्धं खरं सांगतात. जुना वाळका पेंढा जळाला की ठोंबाला ऊन मिळतं आणि लुसलुशीत फुटवा लवकर येतो. पण वर्षानुवर्षं जाळत राहिलं की कुसळी माजते. तिच्या बियांचं कुसळ दवानं आणि उन्हानं पीळ सोडतं, पुन्हा घेतं आणि बी मातीत खुपसतं, म्हणून ते आगीतून वाचतं. कोवळी असेतो गुरं ती खातात, कुसळं आली की तोंडाला टोचतात. राखेचं खत होतं म्हणाल, तर नत्र धुरातच जातं आणि उरलेली राख उतारावरून पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला लागते. वर मार्च-एप्रिलमध्ये टिटवी, चंडोल यांची अंडी जमिनीवर असतात.

आपल्याकडे विजेनं लागलेले वणवे क्वचित. गवतासाठी, मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून, तेंदूला नवी पानं यावीत म्हणून, नाहीतर बांधावरची आग सुटली म्हणून, बहुतेक वणवे माणसाच्याच हातून लागतात. म्हणून माणसानं लावलेली प्रत्येक आग वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरांत सोलिगा लोक उन्हाळा चढण्याआधी पाचोळ्याला हलकी आग लावत. १९७४ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि पुढे ही पद्धत बंद पडली. आग थांबली म्हणून घाणेरी माजली आणि आवळ्यावर बांडगूळ वाढलं, असं सोलिगा सांगतात, आणि त्यांचं म्हणणं अभ्यासकही गांभीर्यानं घेतात. पण ती आग त्या रानाची नस ओळखणाऱ्या माणसांची, थंड दिवसांतली, बुटकी. मार्चच्या भर दुपारी वाऱ्यावर सोडलेल्या काडीशी तिचं नातं नाही.

तुमच्या गावाला डोंगर असेल तर दोन गोष्टी सुचवतो. बी झडलं की गवत कापून घ्या, म्हणजे जाळायला फारसं उरत नाही. आणि हिवाळ्यातच वनखात्याला विचारून, गावकऱ्यांना सोबत घेऊन जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळा काढलेला मोकळा पट्टा, काढून ठेवा. आग दिसली तर महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे.